अलाइनरच्या अटॅचमेंट्स: सॉफ्टवेअरनं दिल्या म्हणून लावायच्या का?

प्रश्न असा आला आहे: "मी ऑर्थोडाँटिक्समध्ये एमडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज मराठवाड्यातच. आमच्याकडे ब्रेसेसचे पेशंट भरपूर, पण अलाइनरच्या केसेस हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कंपनीकडून प्लॅन येतो तेव्हा दातांवर अटॅचमेंट्स आधीच दाखवलेल्या असतात. हाच आकार का, इथेच का, हे कळत नाही. सरांनी विचारलं की 'सॉफ्टवेअरनं दिली' एवढंच उत्तर देता येतं. त्यात आपण बदल करावा का? कोणत्या दाताला कोणती अटॅचमेंट? आणि लावल्यावर काही पेशंटच्या सारख्या निघतात, ते का?"

आधी दोन शब्द: अलाइनर म्हणजे दात हलवण्यासाठी एकामागून एक घालायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, आणि अटॅचमेंट म्हणजे त्यांना पकड मिळावी म्हणून दातावर चिकटवलेला कॉम्पोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरावाचा) छोटा उंचवटा. आता उत्तर: बदल करावा. नुसता करता येतो असं नाही, बऱ्याच केसेसमध्ये तो करावाच लागतो. कंपनीकडून येतो तो कच्चा आराखडा असतो. तो बसवणाऱ्या टेक्निशियननं तुमचा पेशंट पाहिलेला नसतो. त्याची हिरडी, त्याच्या दाढेवरची कॅप, हललेला दात, गालाची ठेवण, यातलं काही त्याच्यासमोर नसतं. त्याच्यासमोर स्कॅन असतो आणि कंपनीचे ठरलेले नियम असतात. त्या नियमांनी साध्या केसमध्ये बरं काम होतं, पण जबाबदारी मंजुरीचं बटण दाबणाऱ्याची, म्हणजे तुमची किंवा तुमच्या सरांची.

माझं सांगणं एकच आहे. आकारापासून सुरुवात करू नका. प्रत्येक अटॅचमेंटवर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा: हा दात नेमका कुठे जायचा आहे, त्यासाठी प्लास्टिकनं अटॅचमेंटच्या कोणत्या बाजूवर दाबायचं आहे, आणि त्या दाबाची उलटी प्रतिक्रिया कोणत्या दातांनी सोसायची आहे. याचं उत्तर आलं की आकार आणि जागा बहुतेक वेळा आपोआप ठरते. उत्तर नाही आलं, तर ती अटॅचमेंट लावायची की नाही हा प्रश्न अजून सुटलेला नाही असं समजा. ब्रॅकेट लावताना हाच विचार तुम्ही पहिल्या वर्षापासून करत आला आहात. मुळात बायोमेकॅनिक्स तेच आहे, फक्त बल देणारी वस्तू बदलली.

ती वस्तू आधी नीट समजून घ्या. ब्रेसेसची वायर ब्रॅकेटच्या स्लॉटमध्ये बसली की दाताला दोन्ही बाजूंनी धरते, ओढते, ढकलते, पिळते. अलाइनर फक्त ढकलतो. त्याला ओढता येत नाही. दात आणि प्लास्टिक जिथे एकमेकांना टेकतात तिथेच बल तयार होतं, आणि ते त्या पृष्ठभागाला काटकोनात लागतं. रबराच्या पोझिशनरनं दात हलवण्याची केसलिंग यांची कल्पना १९४५ सालची. इन्व्हिसलाइन अलाइनर बनवणारी अलाइन टेक्नॉलॉजी कंपनी १९९७ साली सुरू झाली आणि संगणकावर टप्पे पाडून एकामागून एक अलाइनर देण्याची पद्धत रूढ झाली. तंत्र कितीही पुढे गेलं तरी प्लास्टिक ढकलतंच, ओढत नाही, ही मर्यादा होती तिथेच आहे. अटॅचमेंट म्हणजे ढकलायला जिथे पृष्ठभाग नाही तिथे आपण बनवून दिलेला पृष्ठभाग. म्हणून अटॅचमेंट पाहताना तिचा एकूण आकार पाहू नका, तिची काम करणारी बाजू शोधा. बाकीच्या बाजू त्या एका बाजूला आधार देण्यापुरत्या असतात.

आता दातांकडे या. पटाशीचे दात चपटे असतात. आतून-बाहेरून प्लास्टिकला टेकायला चांगली रुंदी मिळते, त्यामुळे ते फिरवणं, आत-बाहेर झुकवणं तुलनेनं सोपं जातं. सुळा आणि उपदाढा गोल. त्यांना नुसत्या प्लास्टिकनं फिरवणं म्हणजे ओल्या हातानं बरणीचं घट्ट झाकण फिरवणं, हात फिरतो आणि झाकण तिथेच राहतं. इथे उभट आयताकृती अटॅचमेंट कामाची. तिची उभी कड दाताच्या अक्षापासून शक्य तितकी लांब, म्हणजे मेझियल (पुढच्या) किंवा डिस्टल (मागच्या) कडेकडे असेल तर तरफेची भुजा वाढते. बाहेरून त्या कडेवर दाब आणि आतून दाताच्या लिंग्वल (जिभेकडच्या) पृष्ठभागावर विरुद्ध दाब, अशी जोडी जमली तर दात जागच्या जागी फिरतो. जोडी जमली नाही तर तो फिरण्याऐवजी एका बाजूला सरकतो किंवा झुकतो. प्लॅनमध्ये फक्त अटॅचमेंट पाहून समाधान मानू नका, समोरच्या बाजूला प्लास्टिक टेकतंय का तेही पाहा.

आणि एवढं सगळं केल्यावरही अटॅचमेंट एकटी पुरत नाही. नील क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सुळ्याच्या फिरवण्यावर केलेला अभ्यास प्रत्येक पीजीनं (पदव्युत्तर विद्यार्थ्यानं) वाचावा. काही सुळ्यांना उभट लंबगोल अटॅचमेंट, काहींना फक्त आयपीआर (दातांच्या मधलं इनॅमल किंचित घासून जागा करणं), काहींना दोन्ही नाही. तिन्ही गटांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक फरक निघाला नाही आणि ठरवलेल्यापैकी सरासरी ३५.८ टक्केच फिरणं प्रत्यक्षात झालं. यावरून अटॅचमेंट निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नका. तो एका आकाराचा आणि त्या काळच्या प्लास्टिकचा अभ्यास होता. पण शेजारचे दात दोन्ही बाजूंनी घट्ट अडकून बसले असतील तर कड कितीही उत्तम असली तरी दात फिरणार कुठे, हे त्यातून शिकायचं. जागा आधी, अटॅचमेंट नंतर. सायमन आणि सहकाऱ्यांचा २०१४ सालचा अभ्यास उपदाढांबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो: एकूण १५ अंशांपेक्षा जास्त फिरवायचं असेल किंवा एका अलाइनरमागे १.५ अंशापेक्षा जास्त मागितलं असेल, तर अचूकता स्पष्टपणे घसरते. म्हणजे खालची उपदाढ ३५ अंश फिरलेली असेल तर तिच्यावर मोठी अटॅचमेंट चढवण्यापेक्षा टप्पे वाढवा. किंवा बटन लावून एलास्टिक चेननं आधी बरंचसं फिरवून घ्या आणि मग स्कॅन करा. कॉलेजात तुमच्याकडे बटन आहे, चेन आहे, हात सरावलेला आहे. अलाइनरची केस म्हणून ते हत्यार ड्रॉवरमध्ये ठेवायचं कारण नाही.

पीजींचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दात हिरडीतून बाहेरच्या दिशेनं उतरवण्यात, म्हणजे एक्स्ट्रुजनमध्ये. क्रॅविट्झ यांच्याच २००९ सालच्या अभ्यासात पुढच्या दातांच्या सगळ्या हालचालींची सरासरी अचूकता ४१ टक्के होती आणि एक्स्ट्रुजन तळाला, २९.६ टक्के. त्याच गटानं २०२० साली नव्या प्लास्टिकवर आणि नव्या अटॅचमेंट्सवर पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी ५० टक्क्यांपर्यंत आली. सुधारणा झाली, तरी निम्मं काम उरतंच. कारण समजायला अवघड नाही. वरचा लॅटरल (मधल्या दोन दातांच्या शेजारचा पटाशीचा दात) खाली आणायचा असेल तर त्याला खालच्या दिशेनं ढकलायला पाहिजे, आणि दाताच्या मुकुटावर, म्हणजे हिरडीबाहेरच्या भागावर, हिरडीकडे तोंड करून असलेला असा पृष्ठभाग जवळजवळ नसतोच. प्लास्टिक घसरून जातं. म्हणून आडवी अटॅचमेंट, आणि तिची काम करणारी बाजू हिरडीकडे बघणारी. वरच्या दातात ती वर बघते, खालच्या दातात खाली. सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल फिरवून ही बाजू डोळ्यांनी पाहा, नावावर विसंबू नका. तिरका उतार कुठल्या बाजूला आहे यावरून वेगवेगळ्या कंपन्यांची नावं ठेवण्याची पद्धत वेगळी असते आणि उलटी अटॅचमेंट मंजूर होऊन जाते.

या उताराबद्दल आणखी थोडं. बल पृष्ठभागाला काटकोनात लागतं असं वर म्हटलं. मग हिरडीकडे बघणारी बाजू जितकी जास्त तिरकी, तितका दाबाचा काही भाग दाताला आतल्या बाजूला, म्हणजे टाळूकडे नेतो आणि बाकीचाच खाली उतरवतो. बाजू दाताला जवळजवळ काटकोनात ठेवली तर उतरवण्याचं बल वाढतं, पण पेशंटला अलाइनर काढता-घालता नखं मोडायची वेळ येते. हा सौदा तुम्ही केसप्रमाणे ठरवायचा. लॅटरल आत घ्यायचाच असेल, तर तिरका उतार दोन्ही कामं करतो. पुढचे दात मागे घेता घेता जे खाली येणं दिसतं ते नुसत्या सरळ उतरवण्यापेक्षा कितीतरी भरवशाचं असतं, म्हणून प्लॅनमध्ये या दोन हालचाली एकत्र ठेवायला सांगा. आणि लॅटरलच्या दोन्ही बाजूंना किंचित जागा आहे का ते टप्प्याटप्प्यानं तपासा. लॅटरल मागे पडण्याच्या किती तरी केसेसमध्ये अटॅचमेंट ठीक असते, दात मध्येच अडकलेला असतो.

मुळांबद्दल मात्र जास्त काळजी घ्या, कारण इथे प्लॅनमधलं चित्र सगळ्यात जास्त फसवतं. दाताचं प्रतिरोधकेंद्र, म्हणजे जिथून ढकललं तर दात न झुकता सरकेल तो बिंदू, मुळात, हाडाच्या आत. अटॅचमेंट मुकुटावर. मुकुटावर एका ठिकाणी ढकललं की दात झुकतो, हे तुम्ही वायरच्या वेळीच शिकलात. मूळ सरळ न्यायचं असेल तर बलाबरोबर जोडीही लागते. ती दोन अटॅचमेंट्समधून मिळते, उंच उभट अटॅचमेंटच्या दोन टोकांतून मिळते, किंवा एक अटॅचमेंट आणि प्लास्टिकमध्येच काढलेला दाबाचा उंचवटा यांतून. वरच्या पटाशीच्या टॉर्कसाठी, म्हणजे मूळ आत-बाहेर कलवण्यासाठी, हिरडीजवळ प्लास्टिकमध्ये जी पॉवर रिज काढतात ती याच जातीची, तिला दाताला काही चिकटवावं लागत नाही. पहिल्या उपदाढा काढलेल्या केसमध्ये हे सगळं कसाला लागतं. सुळा मागे येताना त्याचा मुकुट काढलेल्या जागेत कलंडतो, मूळ तिथेच राहतं. दाढा पुढे झुकतात. पटाशीचे दात आत कलून लांब दिसायला लागतात, पुढचा बाइट खोल होतो (वरचे दात खालच्यांना जास्त झाकतात) आणि बाजूला, उपदाढांपाशी, दात एकमेकांना टेकेनासे होतात. संगणकावर मात्र सगळं सरळ दिसत असतं, कारण तिथे दात मुकुट-मुळासकट अलगद सरकतो. अशा केसमध्ये सुळ्यावर, दुसऱ्या उपदाढेवर आणि दाढांवर उभट अटॅचमेंट्स नसतील तर मी प्लॅन मंजूर करत नाही. असल्या तरी मुळांना उलट कल आधीच मागून ठेवतो. आणि पीजीच्या पहिल्या अलाइनर केससाठी उपदाढा काढायची केस निवडू नये, हे माझं ठाम मत आहे.

आतापर्यंत जिच्याबद्दल बोललो ती अटॅचमेंट ज्या दातावर असते त्यालाच हलवते. दुसरी जात वेगळी. ती नुसती धरून ठेवते. डीप बाइटमध्ये (खोल बाइटमध्ये) खालचे पटाशीचे दात आत, म्हणजे हाडाच्या दिशेनं, दाबायचे असतात. त्यांना खाली दाबलं की प्लास्टिक मागच्या बाजूनं वर उचलतं. उपदाढांवर अटॅचमेंट असेल तर ते उचलत नाही. उपदाढेला काहीच हलायचं नसताना तिच्यावर अटॅचमेंट का, असा प्रश्न पीजी विचारतात, त्याचं उत्तर हे. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायच्या क्लास टू एलास्टिकचंही तसंच. अलाइनरला सुळ्यापाशी चिरा पाडून एलास्टिक अडकवलं की ते अलाइनरलाच ओढून खाली पाडायला बघतं, म्हणून जवळपास धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे. मुकुट आखूड असले, अकरा-बारा वर्षांच्या लेकराच्या उपदाढा अर्ध्याच उगवलेल्या असल्या, तरीही पकडीसाठी अटॅचमेंट लागते.

पकड वाढवायचा आणखी एक मार्ग आहे, तो विसरला जातो: अलाइनरची कड. हिरडीच्या वळणाबरहुकूम वळसे घेत कापलेल्या कडेपेक्षा हिरडीवर दोनेक मिलिमीटर चढवून सरळ कापलेली कड दातांना कितीतरी जास्त घट्ट धरते. तुमच्या विभागात थ्रीडी प्रिंटर असेल आणि तुम्ही इथेच अलाइनर बनवत असाल तर कड तुमच्या हातात आहे. कधी कधी नुसती कड बदलल्यावर दोन-चार अटॅचमेंट्सची गरज उरत नाही.

काढून कोणत्या टाकायच्या? ज्या दातात काही हालचालच नाही आणि पकडीलाही गरज नाही, तिथली काढा. दाढ आत दाबायची असेल तर प्लास्टिक चावण्याच्या पृष्ठभागावरून आपसूक दाबतंच, त्या दाढेवर अटॅचमेंट नसली तरी चालतं. आधार शेजाऱ्यांवर द्या. मुकुट नुसता आत-बाहेर झुकवायला ती लागत नाही. समोरच्या जबड्याचा दात जिथे आदळतो तिथे ठेवू नका, चार दिवसांत तुटेल. हिरडीच्या आजारानं हाड गेलेल्या, हलणाऱ्या दातावर मोठी अटॅचमेंट म्हणजे दर वेळी अलाइनर काढताना त्या दाताला हिसका. आणि वरच्या मधल्या दोन दातांवर ठेवायची असेल तर पेशंटला आधी सांगा. साखरपुडा ठरलेल्या मुलीला हे उपचार सुरू झाल्यावर कळता कामा नये.

तुम्ही विचारलं नाही, पण कंपन्यांमधला फरक समजला पाहिजे. अलाइनची ऑप्टिमाइज्ड अटॅचमेंट दाताच्या आकारावरून आणि मागितलेल्या हालचालीवरून सॉफ्टवेअर स्वतः घडवतं. अशा अटॅचमेंटभोवती अलाइनरमध्ये ठेवलेली पोकळी आणि अटॅचमेंट हुबेहूब एकसारखी नसतात, काम करणाऱ्या बाजूला प्लास्टिक मुद्दाम आधीच दाबून बसेल अशी बेतलेली असते. म्हणून तिला तुम्ही मनाला येईल तशी फिरवू शकत नाही. बदलायचीच असेल तर साधी आयताकृती मागावी लागते. अलाइनच्या सुरुवातीच्या बऱ्याच पेटंटची मुदत २०१७ मध्ये संपली आणि त्यानंतर भारतातही अनेक कंपन्या आल्या, त्यांच्या प्लॅनमध्ये बहुतेक साध्या आयताकृती किंवा लंबगोल अटॅचमेंट्स दिसतात. यात कमीपणा काही नाही. साध्या आयताकृती अटॅचमेंटची जागा, लांबी, जाडी, उतार हे सगळं तुम्ही ठरवता, आणि शिकायच्या काळात हे जास्त फायद्याचं आहे.

केसेस कमी आहेत हे मी समजू शकतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीपासून लातूर-नांदेडच्या कॉलेजांपर्यंत हीच परिस्थिती, कारण अलाइनरचा खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. पण प्लॅन वाचायला पेशंट लागत नाही. विभागात असलेला एखादा जुना प्लॅन उघडा. अटॅचमेंट्स दाखवणं बंद करा. हालचालींचा तक्ता उघडा आणि प्रत्येक दातापुढे किती मिलिमीटर, किती अंश, कोणत्या दिशेनं, ते वहीत लिहा. मग तुमच्या हातानं दातांचं चित्र काढून त्यावर तुमच्या अटॅचमेंट्स काढा आणि काम करणाऱ्या बाजूवर बाण मारा. आता सॉफ्टवेअरच्या अटॅचमेंट्स चालू करून ताडून बघा. जिथे फरक दिसेल तिथे दोघांपैकी कोण बरोबर यावर सरांशी भांडा. नंतर त्याच पेशंटचे पुढचे फोटो काढून खरंच काय झालं ते पाहा. सेमिनारसाठी आकारांची यादी पाठ करण्यापेक्षा अशा एका केसनं जास्त शिकायला मिळतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, अटॅचमेंट्स निघण्याचा. निघणाऱ्या अटॅचमेंट्सपैकी बहुतेकींचं कारण पहिल्या दिवशीच्या खुर्चीवर असतं. प्युमिसनं दात स्वच्छ केले नाहीत, एचिंगनंतर (चिकटवण्याआधी इनॅमल खरखरीत करणारं द्रव्य लावल्यावर) थुंकी लागली, कापसाचे रोल भिजले तरी बदलले नाहीत. एचिंग ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिडचं, ब्रॅकेटला करता तसंच, पण एका वेळी सगळी कमान करायला जाऊ नका. मदतीला कोणी नसेल तर टेम्प्लेट (अटॅचमेंटच्या आकाराचे खळगे असलेला प्लास्टिकचा साचा) मधोमध कापून अर्धी-अर्धी बसवा. टेम्प्लेटच्या खळग्यात कॉम्पोझिट भरताना हवेचा बुडबुडा राहिला तर तो नेमका कोपऱ्यात राहतो, आणि कोपरा म्हणजे काम करणारी कड. फ्लोएबल कॉम्पोझिट खळग्यात छान बसतं पण बाहेर वाहतं, घट्ट कॉम्पोझिट आकार धरतं पण दाबून भरावं लागतं. दोन्हींनी चांगलं काम होतं, अट इतकीच की खळगा काठोकाठ भरावा, त्यावर शीग येऊ नये. टेम्प्लेट बसवल्यावर बोटानं अटॅचमेंटवरच जोरात दाबू नका, प्लास्टिक चेपून अटॅचमेंट चपटी होते. दाब आजूबाजूला द्या. लाइट दिल्यावर टेम्प्लेट आतल्या बाजूनं सोलून काढा, कडेला आलेलं जादा कॉम्पोझिट फिनिशिंग बरनं काढा, पण बर काम करणाऱ्या बाजूला लागू देऊ नका. लगेच अलाइनर घालून पाहा. अटॅचमेंटभोवती प्लास्टिक पूर्ण बसलं नाही तर पेशंटला घरी पाठवू नका.

आपल्या भागात यावर आणखी एक अडचण आहे, ती परदेशी लेखांत फारशी सापडत नाही. नांदेड, बीड पट्ट्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम, अशी मर्यादा आहे. ती ओलांडलेलं पाणी लहानपणी पिऊन मोठ्या झालेल्या पेशंटच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. त्या इनॅमलचा वरचा थर अॅसिडला सहज दाद देत नाही, म्हणून नेहमीच्या वेळात एचिंग नीट होत नाही आणि बाँडिंग कच्चं राहतं. दात वाळवल्यावर खडूसारखा पांढरा दिसला नाही तर एचिंगचा वेळ वाढवा, गरज पडली तर वरचा थर अगदी हलका खरवडून घ्या. डाग खोल असतील, इनॅमल ठिसूळ होऊन तुकडे पडत असतील, तर तिथे मोठी अटॅचमेंट टाळा आणि शेवटी काढताना पक्कडीनं उपटू नका, बरनं हळूहळू उतरवा. केस हिस्टरीत गावाचं नाव आणि लहानपणी पाणी कुठलं होतं हे लिहिण्याची सवय लावा. पेशंट आता शहरात, सिडकोत राहतो एवढ्यावर जाऊ नका.

दाढेवर सिरॅमिकची कॅप असेल तर साध्या एचिंगनं काही चिकटत नाही. त्याला हायड्रोफ्लोरिक अॅसिड आणि सिलेन लागतं, आणि ते अॅसिड हिरडीला घातक असल्यानं रबर डॅम किंवा हिरडीवर संरक्षक थर लावल्याशिवाय वापरू नये. धातूच्या कॅपवर मी अटॅचमेंट टाळतो आणि पकड शेजारच्या दातावर नेतो.

पेशंटला सांगायच्या गोष्टी थोड्याच, पण त्या आपल्या खाण्यापिण्याच्या असाव्यात. दिवसातून २२ तास अलाइनर, जेवताना आणि चहाला काढायचा. आपल्याकडे चहा दिवसातून किती वेळा होतो ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तास तिथेच कमी पडतात. प्रत्येक पेशंटला चहाच्या वेळा मोजायला लावा. हळदीनं आणि तर्रीनं कॉम्पोझिट पिवळं पडतं, आणि हुरड्याच्या दिवसांत अटॅचमेंटभोवती दाणे अडकतात, ब्रश करूनच अलाइनर घालायचा. कडक भाकरी, भाजलेल्या शेंगा पुढच्या दातांनी तोडू नयेत. अलाइनर काढायची पद्धत समोर करून दाखवा: आधी मागच्या दाढेच्या आतल्या बाजूनं सोडवायचा, मग पुढे यायचं. अटॅचमेंटच्या बाजूनं नखानं ओढून काढणाऱ्या पेशंटच्या अटॅचमेंट्स आधी निघतात. तंबाखू खाणाऱ्या पेशंटची केस घेण्याआधी दोनदा विचार करा.

प्रत्येक भेटीत अलाइनर घालून प्रत्येक अटॅचमेंट पाहायची. दाताच्या टोकापाशी प्लास्टिक आणि दात यांत फट दिसते का, अटॅचमेंट आपल्या खोबणीत आहे की कडेला सरकली आहे, कडा घासून गोल झाल्यात का. फट दिसली की लगेच नवीन स्कॅन मागवू नका. आधी च्यूई (अलाइनर घट्ट बसावा म्हणून चावायची मऊ गुंडाळी) चावायला द्या, सध्याचाच अलाइनर आणखी काही दिवस घालायला सांगा, शेजारची जागा तपासा. एवढ्यानं दात परत जागेवर आला नाही तरच रिफाइनमेंट, म्हणजे नव्या स्कॅनवरून पुढचे सुधारित अलाइनर. आणि त्या स्कॅनच्या आधी जुन्या अटॅचमेंट्स काढायच्या की ठेवायच्या हे कंपनीला स्पष्ट लिहा, नाहीतर जुन्या अटॅचमेंटचा उंचवटा दाताचाच आकार समजला जातो.

राहिला प्रश्न गेवराई-किनवटहून एसटीनं येणाऱ्या पेशंटचा, ज्याची अटॅचमेंट पडली आणि पुढची भेट तीन आठवड्यांवर आहे. फोनवर फोटो मागवा आणि प्लॅन उघडून तो दात पाहा. ती अटॅचमेंट नुसती धरून ठेवणारी असेल किंवा त्या दाताची हालचाल संपलेली असेल, आणि अलाइनर नीट बसत असेल, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबलं तरी चालतं. पण फिरणाऱ्या उपदाढेची, उतरणाऱ्या लॅटरलची किंवा मागे येणाऱ्या सुळ्याची असेल तर पुढचा अलाइनर घालू देऊ नका. सध्याच्याच अलाइनरवर थांबवा आणि त्याच आठवड्यात बोलवा, कारण शेजारचे दात पुढे गेले आणि तो एक मागे राहिला की नवीन अटॅचमेंट त्या टेम्प्लेटमधून जागेवर बसतच नाही.